गल्लीच्या पंचांना खुले पत्र : साहित्य दुकानातून न्या, तिरडी मात्र गल्लीतच बांधा

प्रति,
बेळगाव शहर आणि बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी व निपाणी तालुक्यांतील गल्लोगल्लीची पंच मंडळी, तसेच युवक मंडळांचे आणि महिला मंडळांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी बेळगावात अंत्यविधीचे साहित्य विकणाऱ्या घरातला चौथ्या पिढीचा दुकानदार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आमच्याकडचे बांबू कधी ना कधी आलेले आहेत, तरी रस्त्यात भेट झाल्यावर तो विषय आपण काढत नाही आणि मीही काढत नाही. ही रीत बरीच आहे. ती बाजूला ठेवून हे जाहीर पत्र लिहितो आहे, कारण जे चालले आहे ते माझ्या एकट्याच्या दुकानापुरते राहिलेले नाही. दुकानाचे नाव आणि पत्ता मुद्दामच देत नाही, नाहीतर या पत्राची जाहिरात व्हायची.

विनंती अशी आहे की, गल्लीत मयत झाली म्हणजे साहित्य आमच्याकडून न्या किंवा दुसऱ्या कोणाकडून न्या, पण तिरडी बांधणे, खांदा देणे आणि मृत्यूची नोंद करून घेणे ही तीन कामे दुकानदाराच्या गळ्यात घालून मोकळे होऊ नका. ज्याचा धंदा नेमका याच कामांनी वाढणार आहे त्यानेच असे म्हणावे, यात काहींना खोच दिसेल. म्हणून आमच्या दुकानाचा इतिहास जरा सविस्तर सांगतो. त्यात माझ्या म्हणण्याची कारणे आहेत.

पणजोबांचे दुकान मुळात मयतीच्या साहित्याचे नव्हतेच. सुंभ, काथ्या, कासरे, दावी, सुपे, परड्या, केरसुण्या, मडकी असा शेतकऱ्याला आणि घरधन्याला लागणारा माल ते विकत. दुकान खाली आणि घर माडीवर असल्यामुळे रात्री-अपरात्री कोणाला चार हात सुंभ, दोन बांबू आणि एक मडके लागले तर दार वाजवायला हेच एक घर होते. पुढे 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि दोन-तीन वर्षांत रेल्वेच्या वाटेने तो बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पसरला. घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत, आणि ज्यांनी खांदा द्यायचा तीच माणसे चहूकडे पांगलेली असत. पणजोबा दिवेलागणीला दुकानाच्या ओट्यावर बांबूंचा भारा आणि सुंभाची वेटोळी ठेवून द्यायचे. ज्याला लागेल त्याने न्यावे, पैसे जमतील तेव्हा आणून द्यावेत. आमची उधारीची वही तेव्हापासूनची. तीत माणसांची नावे थोडी आणि गल्ल्यांची नावे जास्त आहेत, कारण उधारीला जामीन घरचा माणूस नसायचा, गल्लीचे पंच असायचे.

त्यानंतर 1918 सालची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. प्लेगात निदान पळायला रान होते, मानमोडीने रानातल्या वस्त्याही सोडल्या नाहीत. आजोबा तेव्हा लहान होते, पण दुकानातले बांबू संपले आणि नवा भारा आणायला गाडीवान मिळेना, हे त्यांना स्पष्ट आठवे. लोकांनी घोंगड्यांच्या झोळ्या केल्या, मांडवाच्या मेढी उपसल्या, कुंपणाच्या काठ्या काढून तिरड्या बांधल्या. दुकान उघडे होते आणि दुकानात देण्यासारखे काही नव्हते, असे ते सांगत. त्या दिवसांत ज्या गल्लीत बांधणारी आणि उचलणारी माणसे होती त्या गल्लीची माती वेळेवर झाली. जिथे ती नव्हती तिथे पैसे असूनही उपयोग झाला नाही.

आता मालाविषयी थोडे सांगतो, कारण सीमाभागाचे राजकारण आपण सगळेच बोलतो, पण ते बांबूच्या भाऱ्यातूनही कसे जाते हे आमच्यासारख्यालाच ठाऊक. पांढरे कोरे कापड आम्ही शहापूरच्या विणकरांकडून घ्यायचो. आज शहापूर म्हणजे बेळगावचाच एक भाग, परंतु त्या काळी बेळगाव इंग्रजांचे आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानातले होते, म्हणजे मयताचे वस्त्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात यायचे. 1948 साली संस्थान विलीन झाले आणि तो भेद गेला. आठ वर्षांनी दुसरा आला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि तोवर बेळगाव जिल्ह्यातच असलेला चंदगड तालुका मात्र कोल्हापूरला जोडला गेला. आमचा बांबू खानापूरच्या जंगलभागातून आणि चंदगडच्या बाजूने यायचा. त्यातला निम्मा माल एका रात्रीत परराज्यातला झाला. त्यातच 1927 च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती, त्यामुळे शेतकऱ्याने आपल्या बांधावर लावलेला बांबू तोडून गाडीत घातला तरी वाटेत पास दाखवावा लागे. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला त्या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती व्हायला 2017 साल उजाडले. मयताला लागणारे दोन बांबू नाक्यावर पाससाठी अडकून पडल्याचे प्रसंग आजोबांनी आणि वडिलांनी दोघांनीही पाहिले, आणि म्हणून पावसाळ्यापूर्वी मागच्या परसात पुरेसा साठा करून ठेवायची पद्धत घरात पडली, ती मी आजही पाळतो.

आजोबांनी दुकानाला काही नियम लावून दिले. रात्रीचा भाव आणि दिवसाचा भाव एकच. साहित्य मोजून देताना यादी मोठ्याने वाचायची नाही. गिऱ्हाईक निघताना ‘या’ म्हणायचे नाही. दिवाळीला वहीपूजन करताना पहिल्या पानावर इतर दुकानदार ‘शुभ लाभ’ लिहितात, आमच्याकडे ‘श्री’ एवढेच लिहितात. घराला याची झळही बसली; आत्याच्या लग्नाच्या वेळी स्थळे दारापर्यंत येऊन परत गेली, आणि लग्नकार्यात आम्हाला आमंत्रण असले तरी अक्षता टाकून झाल्यावर पहिल्या पंगतीला कोणी आग्रह करीत नसे. याबद्दल तक्रार नाही. ज्या लोकांनी मुहूर्ताला आमचे तोंड चुकवले, त्याच लोकांनी मध्यरात्री आमचे दार वाजवले आणि आमची उधारी कधी बुडवली नाही.

तिरडी बांधायला आजोबांनी मला अंगणात बसवून शिकवले. हे काम अवघड नाही, पण नीट केले नाही तर अर्ध्या वाटेत फजिती होते, म्हणून ते येथे लिहूनच ठेवतो. दोन बांबू साधारण आठ फुटांचे घ्यायचे. मेस ही बांबूची जात मिळाली तर उत्तम, कारण ती जवळजवळ भरीव असते. कळक जातीचा बांबू घ्यायचा झाला तर पोकळ असल्याने पेरे जवळजवळ असलेला, बुंध्याकडचा तुकडा निवडायचा. अगदी ओला बांबू ओझ्याने वाकतो आणि फार वाळलेला तडकतो, तेव्हा बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. दोन्ही बांबूंचे बुंधे डोक्याच्या बाजूला ठेवायचे, कारण शरीराचे वजन कमरेच्या वर अधिक असते आणि पुढचे खांदेकरी उताराला लागले की सगळा भार त्यांच्यावर येतो. दोन बांबूंमध्ये माणसाच्या खांद्यांपेक्षा चार बोटे जास्त अंतर. त्यावर सात कामट्या, म्हणजे चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या, आडव्या, त्यांतल्या दोन खांद्यांखाली जवळजवळ, एक कमरेखाली, बाकीच्या अंतराने. सुंभ आधी पाण्यात भिजवून घ्यायचा. वाळताना तो आवळतो आणि गाठ आपोआप घट्ट होते. तोडून तोडून बांधायचा नाही, एकाच लांब सुंभाने एका कामटीवरून दुसरीवर जात शेवटपर्यंत न्यायचे. नायलॉनची दोरी घेऊ नये, ती ओल्या बांबूवर सरकते आणि चितेवर वितळते. वर पेंढा किंवा कडबा अंथरून कापड घालायचे. हे सगळे दोन माणसांना अर्ध्या तासात होते, आणि गंमत म्हणजे ते काम करताना दारातली रडारड थोडी निवळते. बायाबापड्या पाणी तापवायला उठतात, कोणी तुळस आणायला जातो, कोणी चिरमुरे आणायला जातो, आणि घरच्या माणसाला पुढचे दिसू लागते. तयार तिरडी टेम्पोतून उतरली की बाकीचे नुसते मोबाईल बघत उभे राहतात, हे मी रोज पाहतो.

एका गल्लीत अनेक जातीधर्मांची घरे, ही आपल्या भागाची नेहमीचीच गोष्ट आहे. म्हणून आजोबांनी आपले ज्ञान केवळ आपल्या रिवाजापुरते ठेवले नाही. लिंगायतांच्या घरी मयताला बसवून विमान नावाच्या पालखीतून नेतात आणि पुरतात, तेव्हा तिथे आडवी तिरडी चालत नाही, बैठकीच्या उंचीचा सांगाडा लागतो; विभूती आणि बेल त्यांना आधी हवा. मुसलमान शेजाऱ्यांकडे कफन पुरुषाला तीन वस्त्रांचे आणि बाईला पाच वस्त्रांचे, आणि ते न शिवलेले. जनाजा नेण्याचा डोला जमातीचा असतो, आमच्याकडून फक्त कापड जाई. कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांसाठी पेटी करणारे सुतार वेगळे होते आणि आजोबा माणूस पाठवून त्यांना निरोप देत. मराठ्यांच्या घरी सवाष्ण गेली तर हिरवे लुगडे, चोळी आणि माहेरचे वस्त्र. माहेरची माणसे चंदगडहून किंवा गडहिंग्लजहून येईपर्यंत उचलायचे नाही. हे सगळे आजोबांना दुकानदार म्हणून कळले नव्हते, गल्लीतल्या प्रत्येक मातीला गेल्यामुळे कळले होते. माझ्या मुलाला ते कळणार नाही, कारण तो माती पाहतो ती ऑर्डर पोचवायला गेल्यावर, दारातूनच.

वडिलांच्या काळात दुकानाला एक नवे काम चिकटले, ते कागदाचे. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. रुग्णालयात मृत्यू झाला तर रुग्णालयच कळवते, आणि अंत्यसंस्काराच्या जागेची देखभाल करणाऱ्यावरही कळवण्याची जबाबदारी आहे. परंतु घरी मृत्यू झाला तर ती खबर देण्याचे पहिले कर्तव्य घरच्या कर्त्या माणसाचे आहे, आणि ते 21 दिवसांच्या आत करायचे असते. त्या मुदतीत नोंद झाली तर पहिला उतारा फुकट मिळतो. मुदत टळली की विलंब शुल्क, महिना टळला की लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले की प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे जाते; पूर्वी ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचे, 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जाते. दिवसकार्याच्या धांदलीत घरच्यांना हे सुचत नाही आणि बाराव्या-तेराव्यानंतर सोयरे परत गेले की आठवडा निघून जातो. वडील साहित्य देतानाच एका चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहून घरच्या थोरल्याच्या खिशात घालायचे.

सीमाभागात याला आणखी एक फाटा आहे आणि तो पंचांनी नीट समजून घ्यावा, असे मला फार वाटते. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. इकडच्या कागदांत पुष्कळदा आडनाव गळते किंवा वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर राहते. मृत्यूचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो, घरातले पासबुक एका पद्धतीने लिहिलेले, आधार कार्ड दुसऱ्या, आणि शेताचा उतारा तिसऱ्याच. म्हातारी घरात सगळ्यांना ‘आक्का’ म्हणून ठाऊक, माहेरचे नाव वेगळे आणि सासरचे वेगळे. खबर द्यायला गेलेला भाचा जे तोंडाला येईल ते सांगतो. मग वारसा लावायला गेले की दाखल्यावरची बाई आणि उताऱ्यावरची बाई एकच आहे हे सिद्ध करता करता वर्षे जातात. दुरुस्तीची सोय कायद्यात आहे, पण दाखला निघण्यापूर्वी कच्चा मजकूर वाचून पाहणे हे दुरुस्तीपेक्षा हजार पटींनी सोपे. मी घरच्यांना एवढेच सांगतो की, मृताच्या आधार कार्डाची आणि घर किंवा शेताच्या उताऱ्याची प्रत घेऊन जा, दोन्हींतले नाव अक्षर न् अक्षर जुळवा, आणि कन्नड वाचता येणारा माणूस सोबत न्या. गल्लीत असा माणूस हमखास असतो. आपली मुले शाळेत कन्नड शिकतातच. भाषेच्या हक्कासाठी भांडणे आणि हातातला कागद बिनचूक करून घेणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू राहू शकतात.

2020 मध्ये जे झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. टाळेबंदीत मातीला वीसच माणसांची मुभा होती. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्याला सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा अहवाल दाखवावा लागत होता. कोल्हापूरचा सख्खा भाऊ पलीकडे उभा आणि इकडे बहिणीची माती, असे झाले. कोविडने गेलेल्यांचे संस्कार यंत्रणेने केले. खरी परवड झाली ती साध्या आजाराने किंवा म्हातारपणाने गेलेल्यांची, कारण भीतीने कोणी जवळ येईना. खानापूरहून बांबूची गाडी येणे बंद होते, कापडाची दुकाने बंद होती, माझ्याकडचा साठा आटत चालला होता, आणि माझ्याकडे हाताखाली काम करणारी माणसे आपापल्या गावी निघून गेली होती. फोन सारखे वाजत होते, त्यांत पैसे देणारे पुष्कळ होते. ज्या गल्लीच्या पोरांना तिरडी बांधता येत होती त्यांना मी फोनवरच सांगितले की कुंपणाचे बांबू काढा. शंभर वर्षांपूर्वी मानमोडीत जे झाले तेच पुन्हा झाले. धंदा हा नेहमीच्या दिवसांच्या मापाने उभा केलेला असतो आणि साथीच्या दिवसांत सर्वांत आधी तोच अपुरा पडतो. हे दुकान चालवणाऱ्याखेरीज दुसरे कोणी आपल्याला सांगणार नाही.

आता आजचे. पूर्वी फोनवर लोक ‘सामान पाहिजे’ म्हणत. आता विचारतात, ‘सगळे मिळून किती?’ त्या सगळ्यात तयार तिरडी, आंघोळ घालायला माणसे, खांद्याला चौघे, गाडी, लाकडे किंवा शेणी (गोवऱ्या), पुरोहित, वर्तमानपत्रातली निधनवार्ता, रक्षाविसर्जन आणि दाखला असे सर्व आले. माझ्या मुलाने याचा हिशेब करून माझ्यापुढे ठेवला आहे आणि हिशेब चोख आहे. सुटे कापड विकले तर त्यावर जीएसटी लागतो. अंत्यसंस्काराची सेवा मात्र कायद्याने कराच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. बंगळूर, पुण्याकडे अशी सेवा देणारे आहेतच, मग बेळगावात आपण का नको, हा त्याचा प्रश्न आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. आईवडील इथे आणि मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात, अशी घरे आता गल्लीगल्लीत आहेत. ज्यांचे खरोखरच कोणी नाही त्यांचे सगळे काम आम्ही करू, आणि काही ठिकाणी करतोही. त्यात कमीपणा नाही.

माझा विरोध आहे तो या गोष्टीला की, चाळीस घरांच्या गल्लीत, तीन मंडळांचे फलक लागलेले असताना, पहिला फोन खांदेकऱ्यांच्या भाड्यासाठी यावा. यातले व्यवहाराचे गणित पंचांनी लक्षात घ्यावे. गल्लीत तिरडी बांधणारा एक जरी माणूस असला तर आम्हाला भाव वाढवता येत नाही, कारण जास्त मागितले तर तुम्ही दोन बांबू आणि सुंभ घेऊन जाल. तो माणूस गेला की भाव आम्ही ठरवणार. मयताच्या दारात कोणी घासाघीस करीत नाही, दुसऱ्या दुकानात चौकशीला जात नाही, पावती मागत नाही. आजोबांचा एकच भावाचा नियम मी पाळतो आणि मुलगाही पाळेल असा मला विश्वास आहे, पण उद्या या धंद्यात येणारा प्रत्येकजण पाळेल याची हमी मी देऊ शकत नाही. शिवाय उधारी. गल्लीचे पंच जामीन राहत म्हणून गरिबाला त्याच रात्री साहित्य मिळे. ठोक रकमेच्या व्यवहारात जामीन नसतो, आगाऊ पैसे असतात. कोल्हापूर महापालिका पंचगंगा स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्यासाठी लोक होळीला आपापल्या गल्लीतून शेणी गोळा करून दान देतात. महापालिकेची सोय आणि गल्लीचा हात या दोन गोष्टी एकत्र चालतात याचे हे आपल्या शेजारचेच उदाहरण आहे.

जुने सगळे चांगले होते असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. आमच्या जुन्या वहीत काही वस्त्यांची नावे वेगळ्या पानावर आहेत, आणि त्या वस्त्यांच्या मयताला मुख्य गल्लीतून कोणी खांदा दिला नाही हे आजोबाही नाकारत नव्हते. भावकीशी भांडण असलेल्या घराकडे पंचांनी पाठ फिरवल्याच्या आणि दंड भरल्याशिवाय माणसे न पाठवल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत, त्यातल्या एक-दोन डोळ्यांनी पाहिल्या आहेत. अशा गल्लीतल्या माणसाला भाड्याचा खांदा हीच सुटका वाटली तर त्याला दोष कसा द्यायचा? पंचांनी हे काम पुन्हा हातात घ्यायचे असेल तर ही अट आधी आपल्यालाच घालून घ्यावी लागेल की, मयत कोणाच्याही घरची असो, वर्गणी भरलेली असो वा नसो, घर भाड्याचे असो, तिरडी बांधायला गल्ली जाईल.

बायकांचाही विचार करा. दुपारी बारा वाजता गल्लीत कोण असते? पुरुष उद्यमबागेत, मार्केटात, गवंडीकामावर किंवा शेतात गेलेले असतात. घरी असतात त्या बायका, आणि वडगाव-खासबागच्या विणकर गल्ल्यांत मागावर बसलेल्याही बायकाच निम्म्या. आता मुली अग्नी देतात, खांदा देतात, आणि कोणी फारसे बोलत नाही. मग बांबूवर सुंभ गुंडाळायला त्यांनी शिकू नये असे कोणत्या शास्त्रात आहे? माझ्या आईला तिरडी बांधता यायची. वडील परगावी असले की तीच दुकान बघायची, आणि रात्री एखाद्या घरी बांधणारे कोणी नाही असे कळले तर पदर खोचून स्वतः जायची. त्याची वाच्यता कोणी केली नाही, पण ती बांधलेली तिरडी कोणी नाकारलीही नाही.

माझे म्हणणे आपणास पटले तर पुढचे काम फार मोठे नाही. प्रत्येक गल्लीत निदान चौघांना, त्यांत दोन बायकांना, तिरडी बांधता यावी. मंडळाच्या खोलीत गणपतीचे मखर आणि पताका ठेवता तिथेच दोन जोड्या बांबू, कामट्यांचा एक भारा, सुंभाची दोन वेटोळी आणि एक मडके ठेवावे. बांबू जमिनीला टेकवून ठेवू नयेत, वाळवी लागते, तुळईला आडवे बांधावेत आणि दर उन्हाळ्यात बदलावेत. जुने बांबू मंडपाला वापरता येतात, तेव्हा वाया काही जात नाही. कन्नड वाचणाऱ्या एका माणसाकडे दाखल्याचे काम द्यावे आणि 21 दिवसांची तारीख त्याने आपल्या मोबाईलमध्ये लावावी. ज्या घरात एकटे म्हातारे राहतात त्यांच्या मुलांचे आणि जवळच्या सोयऱ्यांचे फोन नंबर पंचांकडे लिहिलेले असावेत, नाहीतर निरोप कोणाला द्यायचा इथपासून सुरुवात होते. गल्लीने हे केले तर आमचा धंदा बुडणार नाही, कापड, मडके, गुलाल, बुक्का, कापूर आमच्याकडूनच जाणार आहे.

शिकवायला मी येईन. कोणत्याही गल्लीने, मग ती बेळगावातली असो की खानापूर-निपाणीकडची, कोणत्या का भाषेची आणि जातीची असो, रविवारी सकाळी दोन तास आणि सावलीची जागा द्यावी. बांबू आणि सुंभ माझे. पैसे घेणार नाही. गावाबाहेर यायचे झाले तर जाण्यायेण्याची सोय तेवढी पाहावी. पाऊस लागण्यापूर्वीचे महिने बरे, कारण ओल्या सुंभाची गाठ कशी आवळते हे उन्हात वाळताना लगेच दाखवता येते. अडचण एवढीच आहे की, मंडळाच्या खोलीत किंवा देवळाच्या आवारात तिरडी बांधायला काही ज्येष्ठ हरकत घेतील, सराव म्हणून बांधणे अशुभ आहे असे म्हणतील. अशा वेळी माझ्या दुकानामागचे परस मोकळे आहे, तिथे चौघांना पाठवून द्या. मुलगाही त्या वेळी माझ्याबरोबर असेल. त्याची आणि माझी या विषयावर अजून एकवाक्यता झालेली नाही, पण शिकवायला येण्याचे त्याने कबूल केले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक अंत्यविधी साहित्य विक्रेता,
बेळगाव